भिंती आपल्या, जमीन कोणाची?



गेल्या वर्षी वर्षावासात विहारातली रविवारची वंदना संपल्यावर एक मावशी माझ्याजवळ येऊन बसल्या. त्यांचे यजमान आयुष्यभर जिनिंगमध्ये हमाली करत होते. त्या स्वतः चार घरची धुणीभांडी करतात. प्लास्टिकच्या पिशवीतून त्यांनी तीन कागद काढले. शंभर रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर लिहिलेली सौदाचिठ्ठी, ग्रामपंचायतीचा नमुना आठ आणि विजेचं बिल. यवतमाळ शहराच्या कडेला हजार चौरस फुटांचा प्लॉट त्यांनी बारा वर्षांपूर्वी हप्त्याहप्त्याने एक लाख ऐंशी हजार रुपये देऊन घेतला होता. त्यावर दोन खोल्या बांधल्या. समोरच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लावला. आता शेताचा मूळ मालक वारला आहे, आणि त्याच्या बहिणींनी वाटणीचा दावा टाकला आहे.

मावशी म्हणाल्या, "सर, तलाठी म्हनते का सातबाऱ्यावर तुमचं नावच नाई. मंग मी बारा वर्सं कोनाच्या घरात रायली?"

शेजारी बसलेला एक शिकलेला तरुण सहज बोलून गेला, "मावशी, वाचता येत नव्हतं तर कोणाला तरी विचारायचं ना." त्याचा हेतू वाईट नव्हता, पण ते वाक्य मला खटकलं. फसलेल्या माणसाला अडाणी ठरवून आपण मोकळे होतो. ज्या समाजाला पिढ्यान् पिढ्या जमिनीच्या कागदापासून लांब ठेवलं, त्या समाजातला माणूस पहिल्यांदा कागद हातात घेतो तेव्हा त्याच्या पाठीशी सांगणारं कोण असतं? पाटलाच्या, सावकाराच्या, वकिलाच्या घरात फेरफार, बोजा, हक्कसोड हे शब्द मुलं जेवताना ऐकतात. आपल्या घरात ते पहिल्यांदा ऐकू येतात ते फसगत झाल्यावर. म्हणून घरखरेदीतले धोके नीट समजायचे असतील तर आधी आपला आणि जमिनीचा इतिहास पाहावा लागेल.

शीव आपल्याला पाठ, कागद दुसऱ्याच्या घरात

आजचा यवतमाळ जिल्हा हा जुन्या वऱ्हाडचा भाग. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. १८६० नंतर इथे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी मोजणी झाली. शेताला नंबर पडला, सारा ठरला, आणि ज्याच्या नावावर शेत त्याला ते विकण्याचा, गहाण टाकण्याचा, वारसाला देण्याचा हक्क मिळाला. त्याच काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीला बाजारभाव आला. जमीन ही विकत घेण्याची वस्तू झाली, आणि कागद हा तिचा मालक ठरवणारा पुरावा झाला.

त्या वेळी आपला माणूस कुठे होता? तो शिवेवर उभा होता. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील ग्रंथात नोंद आहे की गावाच्या हद्दीचा वाद निघाला की महाराचा शब्द प्रमाण मानला जाई. कोणाचा धुरा कुठे, कोणता दगड कधी हलवला, हे त्याला तोंडपाठ असे. मोजणीच्या वेळी हद्दी दाखवायला त्याचंच ज्ञान कामी आलं. पण मोजणी संपल्यावर नंबर दुसऱ्यांच्या नावावर पडले. गावाची प्रत्येक हद्द ज्याला माहीत, त्याच्या स्वतःच्या घराला हद्द नव्हती. महारवाडा गावाच्या बाहेर, आणि घराखालची जागा गावाच्या मर्जीवर.

बावन हक्कांची गोष्ट आपल्याला लहानपणी अभिमानाने सांगितली जाते. पण त्या हक्कांची यादी डोळसपणे पाहा. त्यात बहुतेक मेलेल्या ढोराचं कातडं, खळ्यावरचं धान्य, सणाची भाकर आहे. म्हणजे दुसऱ्याच्या दारात जाऊन घ्यायचं ते. मुंबई इलाख्यात महारांना वतनाच्या जमिनी होत्या, पण त्या बदल्यात गावाची रात्रंदिवस राबणूक होती. म्हणूनच बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायद्यात दुरुस्तीचं विधेयक मांडलं. जमिनीच्या तुकड्यासाठी माणूस बांधून ठेवणारी व्यवस्था त्यांना मोडायची होती. जमीन हवी, पण गुलामीच्या अटीशिवाय हवी. ही त्यांची भूमिका आपण घर घेताना विसरतो.

घर किती चांगलं असावं, हेही जात ठरवत होती

अस्पृश्यांनी काय करू नये याची गावाने ठरवलेली यादी बाबासाहेबांनी लिहून ठेवली आहे. त्यात जमीन आणि गुरं बाळगू नयेत हे आहे आणि घरावर कौलं घालू नयेत हेही आहे. कौलाचं छप्पर हा गुन्हा होता! पाऊस गळणारं घर हे गरिबीचं लक्षण समजून आपण पुढे जातो. पण अनेक ठिकाणी पैसा असूनही गवताचंच छप्पर ठेवावं लागे, कारण कौलं घातली की गाव अंगावर येई. पक्क्या घराची किंमत विटा-चुन्यात मोजली जात नव्हती, मार खाण्याच्या तयारीत मोजली जात होती.

हे फक्त खेड्यात होतं असंही नाही. १९१७ मध्ये बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकून बडोदा संस्थानच्या नोकरीवर गेले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत त्यांना पारशी नाव सांगून राहावं लागलं. रोजचे पैसे ते वेळच्या वेळी देत होते. पण अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढलं. ते बागेत जाऊन बसले. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहिला आहे. आपण तो अपमानाची कहाणी म्हणून वाचतो. मी तुम्हाला तो घराच्या किमतीची कहाणी म्हणूनही वाचायला सांगतो. पैसे देण्याची ताकद होती, पदवी होती, सरकारी हुद्दा होता, तरी डोक्यावर छप्पर मिळालं नाही. बाजारात सगळ्यांचा पैसा सारखा असतो असं जे म्हणतात, त्यांना हा प्रसंग दाखवा.

त्याच बाबासाहेबांनी पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत जागा घेऊन राजगृह उभारलं. जवळच 'चार मिनार' नावाची दुसरी इमारतही बांधली. राजगृहाची रचना ग्रंथांसाठी झाली. पुढे कर्जाच्या आणि ग्रंथखरेदीच्या ओढीत चार मिनार विकावी लागली, राजगृह मात्र राखलं. आपल्यातले काही जण राजगृहाचा दाखला देऊन ऐपतीबाहेरच्या घराचं समर्थन करतात. त्यांना एवढंच सांगायचं आहे की बाबासाहेबांनाही घराचं कर्ज जड गेलं होतं, आणि एक घर विकून त्यांनी ते निस्तरलं. त्यांनी ते लपवलं नाही. आपणही कर्ज लपवू नये.

जमिनीची लढाई आपण अर्ध्यावर सोडली

जुलै १९४२ मध्ये नागपूरला शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली. त्या परिषदेत अस्पृश्यांच्या स्वतंत्र वसाहतींची मागणी करणारा ठराव झाला. १९४७ मध्ये 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात बाबासाहेबांनी शेतजमीन राज्याच्या मालकीची करावी आणि पडीक जमिनीवर अस्पृश्यांच्या वसाहती वसवण्यासाठी स्वतंत्र आयोग नेमावा, अशी मागणी केली. ते मान्य झालं नाही. मान्य झालं असतं तर आज आपल्याला एकेकट्याने प्लॉट-दलालाच्या दारात उभं राहावं लागलं नसतं.

६ डिसेंबर १९६४ पासून कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकन पक्षाने देशभर भूमिहीनांचा सत्याग्रह केला. लाखो माणसं तुरुंगात गेली. आपल्या वस्त्यांमधली म्हातारी माणसं अजून त्या जेलच्या आठवणी सांगतात. त्या मागण्यांमध्ये पडीक जमिनी भूमिहीनांना द्या हे होतं, तसंच झोपडपट्टीवासीयांच्या स्थितीचा प्रश्नही होता. म्हणजे शेत आणि घर हे दोन्ही प्रश्न आपल्या चळवळीने एकत्र मांडले होते. पुढे २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने दलित-आदिवासी भूमिहीनांची १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरची अतिक्रमणं नियमित करण्याचं ठरलं. ते त्याच लढ्याचं फळ. पण कागद किती जणांच्या हातात पडला, हे प्रत्येक गावात जाऊन विचारा. १९९० नंतर चळवळ पुतळा, नामांतर, निवडणूक यांत गुंतली आणि सातबारा, फेरफार हे विषय आपण तलाठ्यावर सोडून दिले. नामांतर गरजेचं नव्हतं असं मी म्हणत नाही. जमिनीचा प्रश्न मागे पडला, एवढंच म्हणतो.

गावातून शहराच्या कडेला

गावात जमीन नाही, मजुरी नाही, म्हणून आपली माणसं तालुक्याला आणि जिल्ह्याला आली. यवतमाळात पाटीपुऱ्यासारख्या जुन्या वस्त्या भरल्या. मग शहराच्या कडेला शेतं पाडून लेआउट सुरू झाले. वडगाव, लोहारा, वाघापूर, उमरसरा, भोसा, मोहा ही एके काळची स्वतंत्र गावं आज शहरच झाली आहेत. वणी, पुसद, दिग्रस, पांढरकवडा, उमरखेड सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच चित्र. शेतात चुन्याच्या रेघा मारल्या, कमान उभी केली, बुकिंग सुरू! आणि आपल्या माणसाचं स्वप्न त्या रेघांत अडकलं. महारवाड्यातून बाहेर पडून आपल्या नावाची पाटी असलेलं घर, हे स्वप्न चुकीचं नाही. पण विकणाऱ्याला ते स्वप्न चांगलं ओळखता येतं.

आता त्या रेघांखाली काय काय दडलेलं असतं ते एकेक पाहू.

पहिलं, सौदाचिठ्ठी म्हणजे खरेदी नव्हे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५४ प्रमाणे विक्रीच्या कराराने मालमत्तेत कोणताही हक्क निर्माण होत नाही. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे शंभर रुपये आणि त्यावरच्या किमतीच्या स्थावर मालमत्तेची विक्री दुय्यम निबंधकाकडे नोंदवावीच लागते. मुखत्यारपत्रावर केलेल्या विक्रीने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केलं. मावशींना विकणारा म्हणाला होता, "रजिस्ट्रीचा खर्च कायले करता, आपला विश्वास हाये ना." खर्च वाचवण्याची ही भाषा नीट ऐका. त्याला रजिस्ट्री करून देता येतच नव्हती, कारण शेताला अकृषिक परवानगी नव्हती आणि शेत त्याच्या एकट्याचं नव्हतं. मावशींचे काही हजार वाचवतो असं सांगून त्याने स्वतःची अडचण झाकली.

दुसरं, तुकडा. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यामुळे प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान शेतजमिनीच्या तुकड्याची विक्री करता येत नाही. म्हणून शेत न पाडता, कागदावर शेतच ठेवून, जागेवर प्लॉट विकण्याचा धंदा महाराष्ट्रभर झाला. २००१ मध्ये गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा आला, २०२१ मध्ये त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या प्लॉटसाठी वाढवली, आणि तुकडेबंदीतही वेळोवेळी सवलती मिळाल्या. पण नियमित करून घेण्याचं शुल्क भरतो कोण? प्लॉट पाडणारा पैसे घेऊन निघून गेलेला असतो. भरावं लागतं राहणाऱ्याला. म्हणजे एकाच जागेची किंमत दोनदा.

तिसरं, नमुना आठ. ग्रामपंचायतीचा नमुना आठ ही कर आकारणीची नोंद आहे. त्यावर नाव आलं म्हणजे कर भरण्याची जबाबदारी आली, मालकी आली नाही. विजेचं मीटरही तसंच. फेरफाराची नोंदसुद्धा महसुलासाठी असते, तिने मालकी ठरत नाही, असं न्यायालयांनी वारंवार सांगितलं आहे. मावशींच्या पिशवीतले तिन्ही कागद खरे होते. त्यातला एकही मालकीचा नव्हता.

चौथं, बहिणींची सही. हा मुद्दा आपल्यासाठी जास्त महत्त्वाचा आहे. हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडलं. पुढे १९५६ च्या वारसा कायद्याने मुलीला, विधवेला, आईला वाटा मिळाला, आणि २००५ च्या दुरुस्तीने मुलगी जन्मापासून सहहिस्सेदार झाली. हा कायदा बौद्धांनाही लागू आहे. भाऊ शेत विकतो तेव्हा बहिणींचा वाटा त्यात असतोच. त्यांची सही किंवा नोंदवलेलं हक्कसोडपत्र नसेल तर खरेदी अर्धवट. मावशींवर दावा टाकणाऱ्या त्या बहिणी खलनायिका नाहीत. त्या आपला कायदेशीर हक्क मागत आहेत, जो बाबासाहेबांच्या लढ्यातून आला आहे. गुन्हा त्यांना न विचारता विकणाऱ्याचा आहे. आणि जाता जाता, आपल्याच घरातल्या किती बहिणींकडून रक्षाबंधनाच्या साडीवर हक्कसोड लिहून घेतलं, हेही प्रत्येकाने आठवावं.

पाचवं, जमिनीचा वर्ग. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग-२ लिहिलं असेल तर थांबा. कमाल जमीन धारणा कायद्याखाली मिळालेली, सरकारी पट्ट्याची अशी जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. विदर्भात भूदानाच्या जमिनीही बऱ्याच आहेत. १९५३ च्या मध्य प्रदेश भूदान यज्ञ कायद्याखाली मिळालेली ती जमीन विकण्यासाठी नव्हतीच. अशा जमिनीचा धारक अनेकदा आपलाच भूमिहीन बांधव असतो. दलाल त्याच्याकडून कवडीमोलाने घेतो आणि आपल्याच दुसऱ्या बांधवाला प्लॉट पाडून विकतो. दोघेही बुडतात, मधला तरतो.

सहावं, आदिवासींची जमीन. यवतमाळ हा गोंड, कोलाम, परधान यांचाही जिल्हा आहे. १९७४ च्या दुरुस्तीने जमीन महसूल संहितेत कलम ३६-अ आलं, आणि त्यानंतर आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा स्वतंत्र कायदाही झाला. परवानगीशिवाय आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला घेता येत नाही. स्वस्तात मिळतो म्हणून असा प्लॉट घेतला तर तो कधीही जाऊ शकतो. पण मला इथे फक्त धोक्याची भाषा करायची नाही. जमिनीपासून तोडल्याचं दुःख ज्यांनी भोगलं, त्यांनी कोलामाच्या जमिनीवर आपलं घर उभारायचं का? त्या घरात आपण पंचशील कोणत्या तोंडाने म्हणणार? अदिन्नादानापासून दूर राहणं, म्हणजे न दिलेलं न घेणं, हे दुसरं शील आहे.

सांगितलेली किंमत आणि खरी किंमत

उदाहरणादाखल चार लाखांचा प्लॉट धरू. मुद्रांक शुल्क भागानुसार साधारण पाच ते सात टक्के असतं. सहा टक्के धरले तर चोवीस हजार. नोंदणी फी एक टक्का, म्हणजे चार हजार. दलालाचे दोन टक्के, आठ हजार. इथेच छत्तीस हजार झाले. वकिलाचा शोध अहवाल, सरकारी मोजणी, बांधकाम परवानगी, विजेचं मीटर हे वेगळं. शासनाच्या मूल्यदर तक्त्यातली किंमत सौद्यापेक्षा जास्त असेल तर शुल्क त्या जास्त किमतीवर लागतं. घर बाईच्या नावाने घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. ती तरी घ्या, आणि नावही तिचं राहू द्या.

शुल्क वाचवण्यासाठी कागदावर दोन लाख आणि हातात दोन लाख, असा सौदा करू नका. उद्या व्यवहार मोडला तर कोर्टात कागदावरचेच दोन लाख दिसतात.

मग पाणी. २०१८ च्या उन्हाळ्यात यवतमाळ शहराने जी टंचाई पाहिली ती कोणी विसरलेलं नाही. निळोणा आणि चापडोह आटले की नळ असलेल्या घरांचेही हाल होतात. नवीन लेआउटमध्ये तर नळच नसतो. बोअर लागेल याची खात्री नाही. टँकरचा खर्च प्लॉटच्या किमतीत कोणीच सांगत नाही. रस्ता आणि नाली करून देण्याचा शब्द तोंडी असतो. पावसाळ्यात काळ्या मातीत मोटरसायकल रुतते तेव्हा तो शब्द आठवतो.

सगळ्यात मोठा छुपा खर्च व्याजाचा. कागद नीट नसला की बँक कर्ज देत नाही. मग माणूस बचतगट, खासगी फायनान्स आणि शेवटी सावकार गाठतो. शेकडा तीन रुपये महिना ऐकायला कमी वाटतं. लाख रुपयांवर ते महिन्याला तीन हजार, वर्षाला छत्तीस हजार, तीन वर्षांत एक लाख आठ हजार. मुद्दल तसंच उभं आणि व्याजच मुद्दलाच्या पुढे! वर सावकार तारण म्हणून घराची विक्रीच स्वतःच्या नावावर लिहून घेतो. आपल्या जिल्ह्यात कर्जाने किती शेतकऱ्यांचे जीव घेतले हे वेगळं सांगायला नको. त्या सापळ्यावर २०१४ चा सावकारी नियमन कायदा आहे. अवैध सावकारीत गेलेली मालमत्ता परत मिळवण्यासाठी सहकार खात्याच्या जिल्हा निबंधकाकडे अर्ज करता येतो. हे किती जणांना माहीत आहे?

जातीचा अधिभार

या सगळ्यावर एक खर्च असा आहे की तो कोणत्याच पावतीवर येत नाही. आडनाव विचारल्यावर दलालाचा सूर बदलतो. "तिकडचा प्लॉट गेला, हा नाल्याजवळचा घ्या, इथे तुमचेच लोक आहेत." आपण स्वतःहून एकत्र राहणं वेगळं आणि आपल्याला एका बाजूला ढकलणं वेगळं. ढकललेल्या बाजूला रस्ता उशिरा येतो, नाली येत नाही, आणि पुढे विकायला गेलं तर भावही कमी मिळतो. महारवाडा असाच नव्याने तयार होतो, फक्त त्याला नगर हे नाव असतं.

शेजारच्या अमरावती जिल्ह्यातून आलेले अर्थतज्ज्ञ डॉ. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरातल्या भाड्याच्या घरांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. दलित आणि मुस्लिम नावं ऐकून घर नाकारणं किंवा वेगळ्या अटी घालणं, हे त्यात पुराव्यानिशी दिसलं. १९१७ चं बडोदा संपलेलं नाही. शिवाय २००५ मध्ये झोरोस्ट्रियन सोसायटी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सदस्यत्व एका समाजापुरतं ठेवणारा सहकारी गृहनिर्माण संस्थेचा नियम वैध ठरवला. त्या निकालाच्या आडोशाने कोण कोणाला बाहेर ठेवू शकतं, याचा विचार आपल्या वकील मित्रांनी करावा.

मग घर घ्यायचंच नाही का?

घ्यायचं. माझा मुद्दा घराविरुद्ध नाही. पण काही गोष्टी स्वतःलाही सुनावल्या पाहिजेत. मावशींना तो प्लॉट दाखवणारा दलाल आपल्याच समाजाचा होता. निळा झेंडा लावलेल्या गाडीतून तो आला होता. "जय भीम" म्हणाल्यावर मावशींनी कागद विचारला नाही. आपल्या अभिवादनाचा कोणी दुकानासारखा वापर करत असेल तर त्याला जाहीर विचारणं हे चळवळीचं काम आहे. जयंतीच्या वर्गणीत त्याने किती हजार दिले, याने त्याचा हिशेब फिटत नाही.

दुसरं, घरकुलाचा विचार करा. घरकुल योजनेत बांधकामाला पैसा मिळतो, पण जागा स्वतःची लागते. ज्याला जागाच नाही तो बाहेर राहतो. त्यासाठी जागा खरेदीच्या अर्थसाहाय्याची पंडित दीनदयाळ उपाध्याय योजना आहे, आणि सरकारी जागेवरची १ जानेवारी २०११ पर्यंतची निवासी अतिक्रमणं नियमित करण्याचा २०१८ चा शासन निर्णय आहे. ग्रामसभेत हे विषय कोण काढतं? तिथे आपली उपस्थिती किती असते?

माझी सूचना साधी आहे. प्रत्येक विहारात महिन्यातून एक रविवार कागद वाचण्यासाठी ठेवा. वस्तीतल्या कोणीही इसार देण्याआधी कागद तिथे आणावेत. सातबारा, आठ-अ आणि गेल्या तीस वर्षांचे फेरफार, गावठाणात किंवा शहरात आखीव पत्रिका, अकृषिक परवानगीचा आदेश, मंजूर लेआउटचा नकाशा, सगळ्या वारसांच्या सह्या, बँकेचा बोजा, आणि लेआउटला महारेराची नोंदणी लागू असेल तर महारेराचा क्रमांक. यातला एकही कागद नसेल तर इसार नाही. सौदा करायला एकट्या बाईमाणसाला पाठवू नका, चार जण जा. वकिलीचं शिकणाऱ्या मुलामुलींनी या रविवारी यावं. दहा-वीस कुटुंबांनी मिळून सहकारी संस्था काढून जागा घेतली तर दलाल, वकील, मोजणी सगळ्यांचा खर्च वाटला जातो आणि फसवणाऱ्यालाही एकट्याशी गाठ नसते.

"शिका, संघटित व्हा, संघर्ष करा" यातलं शिका हे डिग्रीपुरतं आपण मर्यादित केलं आहे. एम.ए. करूनही मला माझ्या वडिलांच्या घराचा उतारा वाचता येत नव्हता, हे मी कबूल करतो. मावशींच्या पिशवीमुळे मी तो पहिल्यांदा काढला आणि वाचायला शिकलो.

मावशींचं काय झालं, असं तुम्ही विचाराल. दावा सुरू आहे. आम्ही चार जण त्या बहिणींकडे गेलो होतो. भांडायला नाही, समजून घ्यायला. तिघींपैकी थोरलीने सांगितलं की भावाने तिलाही एक रुपया दिला नव्हता. "त्या बाईचं घर पाडाचं आमच्या मनात नाई," ती म्हणाली, "पन आमचा हिस्सा त बुडाला ना." दोन फसवल्या गेलेल्या बाया कोर्टात एकमेकींसमोर उभ्या आहेत, आणि पैसे घेणाऱ्याची मुलं पक्क्या बंगल्यात राहतात. आता तडजोडीचा प्रयत्न चालू आहे. बहिणींचा हिस्सा मूळ मालकाच्या उरलेल्या शेतातून मिळावा आणि मावशींच्या प्लॉटवर सगळ्यांनी सही द्यावी, असं आम्ही म्हणतो आहोत. होईल की नाही, सांगता येत नाही.

पुढच्या पौर्णिमेला त्या विहारात येणार आहेत. तुमच्या वस्तीतल्या अशा पिशव्या शोधा. प्रत्येक घरात एक सापडेल. आता ती उघडून वाचा, दावा पडायच्या आधी.

जय भीम! नमो बुद्धाय!